कोठीचं कुलूप आणि करडीचं तेल

कुलपात खायचं तेल ओतणाऱ्या माणसाचा मला अजूनही राग येतो. परवा दाराचं कुलूप घट्ट झालं म्हणून नातवाने स्वयंपाकघरातून तेलाची बरणी आणली आणि थेट कुलपाच्या तोंडाला लावली. मी खाटेवरून अशी ओरडले की शेजारची सून हातातलं टाकून पळत आली. काय झालं आजी, काय झालं! काय व्हायचंय डोंबल? पोरगं शिकलंसवरलेलं, आणि कुलपाला तेल पाजतंय. नातू हसला. हसू दे बापड्याला. एका कुलपात मीच आठवड्यामागून आठवडा तेल ओतलं होतं, हसतमुखाने ओतलं होतं, हे त्याला कुठे माहीत आहे? ह्या वयात लोक म्हणतात, आता जुनं सगळं सोडून द्यावं. मी काही सोडलेलं नाही. सोडायचं असतं तर लिहायला कशाला बसले असते?

तेव्हा निजामाची मोगलाई होती आणि आमचं गाव युसूफ वडगावच्या बाजाराला बैलगाडीने सकाळी निघून सांजेला परत येता येईल एवढ्या अंतरावर होतं. घर माझ्या थोरल्या काकांचं. म्हणजे खरं तर दोघा भावांचं, पण माझे वडील पटकीत गेले आणि त्या दिवसापासून ते एकट्या काकांचं झालं. माय आणि मी तिथेच राहिलो, कारण मायच्या माहेरी दारात उभं करायलाही कुणी उरलेलं नव्हतं. घरात काका, काकू, त्यांची लेक सोजर आणि आम्ही दोघी. सोजर माझ्यापेक्षा जराशी मोठी, गोरीपान, स्वभावाने गरीब. तिच्याबद्दल माझ्या मनात कधी वाकडं आलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माजघराच्या उजव्या अंगाला कोठी होती. घरातलं जे काही खाण्यापिण्याचं, ल्यायचं, ते सगळं तिच्यात. जोंधळ्याच्या कणग्या, तुपाची घागर, गुळाच्या ढेपा, शेंगा, आमटीच्या येसराचं मडकं, आणि एका कोपऱ्यात लुगड्यांची पेटी. तिच्या सागवानी दाराला पेचाचं कुलूप होतं. असली कुलपं आता दिसत नाहीत. तळहाताएवढं, लोखंडी, पोट फुगलेलं. त्याची किल्ली म्हणजे एक सळई, तिच्या टोकाला आटे पाडलेले. ती कुलपाच्या तोंडात घालून फिरवत फिरवत आत न्यायची, कर्र कर्र असा आवाज यायचा आणि मग कडी टण्णकन सुटायची. तो आवाज मला झोपेतही ओळखू यायचा, कारण तो आला की पाठोपाठ जात्याची घरघर सुरू व्हायची आणि माय पहिली ओवी म्हणायची.

वडील होते तोवर किल्ली मायच्या कमरेला होती. आजेसासूनेच दिलेली. कुलपाची निगा मायनेच राखायची आणि तिच्यासारखी ती कुणी राखलेली मी पुढे आयुष्यात पाहिली नाही. अवसेच्या दिवशी कंदिलाच्या काचा पुसायला काढल्या की कुलूपही खाली यायचं. घासलेटात बुडवून ठेवायचं, खळखळ हलवायचं, काळं पाणी निघेतो. मग उन्हात उपडं घालायचं. ऊन चांगलं तापलं की कोंबडीच्या पिसाचं टोक एरंडेलात बुडवून आट्यांवरून नुसतं फिरवायचं. एक थेंब, जास्त नाही. मी एकदा म्हटलं, माय, करडीचं तेल घालू का, घरचंच हाय. तेव्हा मायने मला गोठ्याकडे नेलं. मोटेच्या चामड्याला गड्याने करडीचं तेल कढवून लावलं होतं आणि ते वाळून असं टणक झालं होतं की नखाने निघत नव्हतं. "बघ," माय म्हणाली, "हे तेल वाळलं की डिंक हुतंय. चामड्याला चांगलं, कुलपाला इख." ते शब्द मी विसरले नाही. माझ्या फार कामाला आले.

वडील गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काकूने किल्ली मागून घेतली. मायने कमरेची सोडून दिली. इथवर मी समजू शकते, थोरली जाऊ, तिचा मान. पण पुढे जे केलं ते मी समजून घेणार नाही. काकूचा भाऊ धारूरकडे राहायचा. सोजरचा मामा. दिसायला रुबाबदार, कामाला शून्य. तो आला की रिकाम्या गाडीने यायचा आणि भरल्या गाडीने जायचा. एका खेपेला जाताना गाडीत कडबा भरलेला होता आणि मी परड्यात गोवऱ्या थापत होते. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, काकूने गोणपाटात गुंडाळलेली अख्खी ढेप आणून कडब्याखाली सारली आणि वर पेंढ्या नीट केल्या. भावाला दिलं तर दिलं. माझं काय जात होतं? मी गोवऱ्या थापत राहिले.

चार दिवसांनी काकांनी कोठीत डोकावलं आणि ढेपा मोजल्या. "एक ढेप कुठं गेली?" काका तसे माणूस वाईट नव्हते, पण तहसिलीत उठबस झाल्यापासून त्यांना घरातही चौकशी लावायची खोड जडली होती. काकू गडबडली. आणि मग तिने पदर सावरला, आवाज खाली आणला आणि परसाकडे मान वळवली. परसात माय शेंगा फोडायला आलेल्या बायांबरोबर बसली होती. एवढंच. तोंडाने नाव घेतलं नाही बयाने. नुसती मान वळवली.

मग पुढचं तिला करावंच लागलं. काका बघत होते ना! माय त्या दिवशी दळणाचे जोंधळे काढायला कोठीत गेली आणि सूप भरून बाहेर आली तेव्हा उंबऱ्यात काकू उभी. "ओटी झाड," म्हणाली. मायला कळेचना. "वटीत काय हाय ते झाडून दाव," काकू पुन्हा म्हणाली, आणि ह्या वेळी चांगली मोठ्याने, शेंगा फोडणाऱ्या बायांना ऐकू जाईल अशी. मायने सूप खाली ठेवलं. ओचा सोडला, पदर सोडला, आणि झाडून दाखवलं. काही पडलं नाही. बायांनी माना खाली घातल्या, पण शेंगा फोडायच्या थांबल्या होत्या. मी खांबाला धरून उभी होते. मला काकूच्या अंगावर धावून जायचं होतं, तिच्या झिंज्या उपटायच्या होत्या.

त्या दिवसापासून ती रीतच झाली. कोठीतून माय बाहेर आली की उंबऱ्यात ओटी झाडायची. घरात कुणी असो, नसो. मी मायला म्हटलं, मी काकांना सांगते, ढेप मामाने नेली. मायने माझं मनगट असं धरलं की वळ उठले. "एक शबूद बोलू नको. आपल्याला ह्याच घरात ऱ्हायचं हाय. बाहेर काढलं तर कुठं जायाचं? तुजं लगीन कुणी करायचं?" मग मी बोलले नाही. पण मनात म्हटलं, काकू, तुला मी सोडणार नाही. दळताना म्हटलं, पाणी शेंदताना म्हटलं, भाकरी खाताना म्हटलं. देवापुढे हात जोडले तरी तेच. लोक देवाकडे चांगलं मागतात. मी काकूचं वाटोळं मागत होते.

आणि देवाने ऐकलं म्हणा ना, कारण खंडेनवमी आली. नांगर, कुऱ्हाडी, विळे, पायल्या, सगळं धुऊन पुजायला मांडलेलं. कुलूपही त्यातच असायचं. माय पुजायची तेव्हा कुलपाच्या तोंडावर चिंधी बांधायची आणि गंधाचं बोट फक्त पोटाला लावायची. काकूचं हे किल्ली हाती आल्यापासूनचं पहिलं वर्ष. तिचा थाट काय विचारता! तिने आधी कुलपाच्या तोंडात हळद भरली. मग कुंकू. त्यावर अक्षता, चिमटी-चिमटीने. आणि हे सगळं आत बसावं म्हणून वरून करडीच्या तेलाची पळी. माय चुलीपाशी होती. तिने बघितलं, मीही बघितलं, आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. "भागे," काकू मला म्हणाली, "दर मंगळवारी तेल घालीत जा ह्याला. लक्ष्मीचा पहारेकरी हाय तो. कोरडा ऱ्हाऊ देऊ नको."

"हो काकू," मी म्हटलं. इतक्या गोड आवाजात मी तिच्याशी कधी बोलले नव्हते.

मग काय, दर मंगळवारी पळीभर. कुलूप जड फिरायला लागलं की काकूच म्हणायची, तेल कमी पडायलंय वाटतं. की मी आणखी एक पळी. तेल बाहेर ओघळून दाराच्या फळीवर पिवळा डाग पडला, त्यावर धूळ बसली. आतला आवाज आधी बसका झाला, मग बंदच झाला. कर्र नाही नि टण्ण नाही. काकू दोन्ही हातांनी किल्ली फिरवायची, ओठ दाबून. मी भांडी घासता घासता बघायची आणि मला भाकरी गोड लागायची. मला एवढंच हवं होतं की एक दिवस ते उघडूच नये, आणि तिला मायच्या दारात यावं लागावं. ते कुलूप सोडवणारी दुसरी कुणी त्या घरात नव्हती, हे काकूलाही ठाऊक होतं.

तो दिवस कोणता असेल हे मात्र मी ठरवलं नव्हतं. वडवणीच्या अंगाचे पाहुणे सोजरला बघायला येणार असं ठरलं. बडं घर, विहिरी, बारमाही पाणी. मुलाची आजी स्वतः येणार होती आणि तिचाच शब्द शेवटचा, असं काका दहादा बोलून गेले. मार्गशीर्षातली थंडी पडलेली. आदल्या सांजेला काकूने पुरणासाठी डाळ काढून कसंबसं कुलूप लावलं. सकाळी हरभऱ्याची डाळ शिजायला टाकली, आणि काकू मायला म्हणाली, "तू आज परसात बस. पाव्हण्यांच्या नजरंला पडू नको. शुभाचं काम हाय." विधवेने समोर येऊ नये, अशी ती बोलण्याची रीत. माय परसात जाऊन बसली. तिथूनच डाळीखालचा जाळ बघत होती. तिचे कष्ट चालत होते, तिचं तोंड दिसलेलं चालत नव्हतं.

पाहुणे आले. पुरुष ओसरीवर, आजी आणि दोन बाया माजघरात. पाय धुतले, पाणी दिलं. आता गूळ द्यायचा, त्याशिवाय बोलणं कसं सुरू होणार? काकू किल्ली घेऊन कोठीकडे गेली. घातली. फिरेना. जोर लावला. फिरेना. तिने माझ्याकडे बघितलं. "तेल घातलंतंस का?" "घातलं की काकू, कालच!" तिच्या कपाळावर थंडीत घाम. मग काका उठून आले. त्यांनी किल्ली अशी पिळली की सळई वाकायची बाकी राहिली. लोहार बाजाराला गेलेला. काका चिडून पाटा-वरवंट्यातला वरवंटाच घेऊन आले, तर काकूने त्यांचा हात धरला. "अवं, सोयरिकीच्या दिशी घरचं कुलूप फोडता व्हय?" आजीबाई सगळं बघत होत्या. गुळाचं ताट रिकामं पुढ्यात.

शेवटी काकू परसात आली. मी मागेच होते. हे मी सोडते होय? "चल गं," ती मायला म्हणाली, "तेवढं कुलूप बघ." बघा म्हणाली नाही, हात जोडले नाहीत. मी मायच्या कानाशी लागले, "उघडू नको माय. काय बी झालं तरी उघडू नको." मायने माझ्याकडे बघितलंही नाही. "पीस आण कोंबडीचं," म्हणाली, "आन दाभण. घासलेट आण." मला त्या क्षणी मायचा इतका राग आला! एवढे मंगळवार मी राबले ते कशासाठी? ही बाई एका हाकेला उठून चालली!

मायने डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढला आणि कोठीच्या दारात बसली. कुलूप कडीतच अडकलेलं. तिने त्याच्या तोंडात घासलेट सोडलं आणि जरा थांबली. दाभणाने आतून उकरून काढायला लागली. हळद निघाली, कुंकू निघालं, फुगलेले तांदूळ निघाले, सगळं लाखेसारखं एकात एक. तिने ते एका पानावर नीट मांडून ठेवलं, आजींना दिसेल असं. किल्लीचं टोक चुलीच्या गरम राखेत शेकून आणलं, आत घातलं, थोडं पुढे, थोडं मागे. पुन्हा घासलेट. थोडं पुढे, थोडं मागे. आतलं तेल पाघळून बोटांवर आलं. बाजूला काका वरवंटा धरून तसेच उभे. मग तो आवाज आला. कर्र, कर्र, आणि टण्ण. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. रागाचं की कशाचं, आता आठवत नाही.

"जा, गूळ काढ," काकू सवयीने म्हणाली. सुटकेने तिचा आवाज पहिल्यासारखा झाला होता.

माय आत गेली. गुळाचा खडा ताटात घेऊन बाहेर आली, ताट खाली ठेवलं, आणि उंबऱ्यात उभी राहून तिने ओचा सोडला. पदर सोडला. झाडला. पाहुण्या बाया बघतच राहिल्या. "अगं ऱ्हाऊ दे आज," काकू दबक्या आवाजात म्हणाली. "आज कावून ऱ्हाऊ दे, बाई?" माय म्हणाली, "रोज तर बघता." आणि परत आत गेली. तूप घेऊन आली. ओचा सोडला, झाडला. परत आत. वेलदोड्यांची पुडी. पुडी ती केवढी! तरी ओचा सोडला आणि झाडला, सावकाश, दोन्ही हातांनी, जशी सुगीत पोती झाडतात तशी.

"काय करायलीस गं तू?" आजीबाईंनी विचारलं.

"काय न्हाई, तिला खोडच हाय तशी," काकू घाईने म्हणाली.

"खोड न्हाई आत्याबाई," माय म्हणाली. आवाज चढवला नाही. "जाऊबाईनं घालून दिलेली रीत हाय. कोठीतली ढेप गेलती. तवापासून मला झाडून दावावं लागतंय."

आणि मग मी बोलले. माझं मनगट कुणी धरलं नाही. "ढेप मायनं न्हाई नेली. मामानं नेली, धारूरला, कडब्याखाली घालून. काकूनंच दिली. म्या बघितलं." मला वाटलं माय डोळे वटारील. मायने पदर खांद्यावर घेतला, चापून बसवला, आणि वेलदोडे ताटात ठेवले. काकांच्या हातातला वरवंटा खाली आला. त्यांनी काकूकडे बघितलं. काकूने सवयीने मान परसाकडे वळवली, पण माय तर समोरच उभी होती, आणि तेवढ्यावरून सगळ्यांना कळलं.

आजीबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "दादाला सांगा, बैल जुंपा."

"आत्याबाई, निदान गूळपाणी तरी घ्या वं," काकू त्यांच्या पायाशी वाकली.

"गूळ लई महाग पडतोय बया तुमच्यात," आजीबाई म्हणाल्या, "आमच्या पोराला बी उद्या वटी झाडाय लावाल." आणि गेल्या. गाडीच्या घुंगरांचा आवाज वेशीपर्यंत ऐकू आला. शिजलेल्या डाळीचं पुरण झालं नाही, तिची आमटी झाली, आणि ती मी वाटीवर वाटी प्याले. सोजर दाराआड रडली, पण तिचं वाईट झालं असं समजू नका. पुढच्याच वर्षी कळंबच्या बाजूला तिला चांगलं घर मिळालं आणि सासू तर अशी मायाळू मिळाली की सोजरच माहेरी यायला नको म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका अंगणात तोंड धूत होते. काकूने कोठी उघडली. कुलूप मायने सोडवलेलं, हलकं फिरलं. ती जोंधळे घेऊन बाहेर आली, सूप भरलेलं, आणि चुलीकडे वळली. काकांनी तांब्या खाली ठेवला. "थांब," म्हणाले. "वटी झाड." काकूला वाटलं, ऐकण्यात काही चुकलं. तिने चुलीकडे आणखी एक पाऊल टाकलं. शेंगा फोडणाऱ्या बाया आल्या होत्या, परसात बसत होत्या. "झाड म्हणतो ना!" काका ओरडले. काकूने सूप खाली ठेवलं. तिची बोटं ओच्याच्या गाठीशी चाचपडत होती, गाठ सुटत नव्हती. माझी माय जात्यापाशी होती. ती उठली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, आणि मलाही म्हणाली, "भागे, इकडं बघ. माझ्याकडं बघ." मी नाही बघितलं. काकूची गाठ सुटेपर्यंत, ओचा खाली पडेपर्यंत, तो झाडून तिने परत कमरेला खोचेपर्यंत मी तिथेच उभी राहून डोळे भरून बघितलं, आणि मला फार बरं वाटलं.